पन्नास टोप्यांची खात्री

काकांनी जन्मात कधी एक वस्तू विकत आणली नाही. एक हवी असली की ते तीन आणत. काडेपेटी हवी तर तीन छापांच्या तीन, दंतमंजन हवं तर तीन पुड्या. झाडू घ्यायचा ठरला तेव्हा तर आठवडाभर ओसरीच्या तीन कोपऱ्यांत तीन झाडू उभे होते, आणि काकूंना रोज वेगळ्या झाडूनं झाडून संध्याकाळी मत द्यावं लागत होतं. काकूंचं मत तिन्ही वेळा एकच पडलं. "झाडणारी एकच हाय, झाडू बदलून काय होते?" हे मत काकांनी विचारात घेतलं नाही.

मी त्यांची भाडेकरू. कृषी सहायक म्हणून माझी पहिली नेमणूक सोनाळ्याला झाली आणि मी पिंपळगाव राजाहून एक ट्रंक, एक गादी आणि आईनं दिलेला लोणच्याचा डबा घेऊन तिथं पोचले. त्या एका खोलीसाठीही काकांनी तिघांना बोलावलं होतं. एक बँकेतला मुलगा, एक बियाणं कंपनीचा एजंट आणि मी. तिघांनाही त्यांनी अंगणातल्या नळावर हातपाय धुवायला लावलं. बँकवाल्यानं नळ टिपकता ठेवला, एजंटानं उघडाच ठेवला. मी घट्ट बंद केला. "खोली तुमची, मॅडम," काका म्हणाले. पदवी परीक्षेचा निकाल लागला तेव्हाही मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

काकूंना मी एकदा विचारलं, लग्नाच्या वेळी काय केलं होतं यांनी? त्या भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "तेच केलं ना माय. दोन ठिकाणी पाहून मंग माह्याकडे आले. मी तिसरी. निकाल अजून लागून राह्यला."

काका वजनमापे खात्यात शिपाई होते. साहेबाच्या मागं प्रमाणित वजनांची लाकडी पेटी घेऊन जिल्ह्यातले आठवडी बाजार फिरायचे, हे त्यांचं काम. साहेब येत, बदलून जात, पेटी तीच आणि पेटीखालचा खांदाही तोच. "दुकानदार साहेबाले नाही भ्यायचे, मॅडम. पेटी पाह्यली की भ्यायचे," असं ते सांगत, आणि ते खरंच असणार. आयुष्यभर दुसऱ्याच्या वस्तू तोलून तोलून त्यांचा असा समज झाला होता की जगात जे काही चुकतं ते न तोलल्यामुळे चुकतं. निवृत्त झाल्यावर पेटी सरकारजमा झाली. खोड मात्र घरी आली.

निवृत्तीनंतर ते सासुरवाडीला, म्हणजे सोनाळ्याला, राहायला आले ते काकूंच्या वावरासाठी. काकूंना वडिलांकडून डोंगराच्या पायथ्याशी तुकडा मिळाला होता. जमीन काळी, विहिरीला पाणी, फक्त जंगल लागून. शेजारचं वावर काकूंच्या धाकट्या भावाचं. त्याला बहिणीचा तुकडा आपल्यात घ्यायचा होता, आणि तसं तो गोड बोलून दर सणाला सांगत असे. शेवटी एका पौर्णिमेला विहाराच्या अंगणात, चार पाहुण्यांसमोर, ठरलं. काकूंनी तीन सालं वावर करून पाहायचं. रानडुकरांपासून राखून पीक घरी आणलं तर वावर त्यांचं. तिन्ही सालं गेली तर हक्कसोडीवर सही. काकू म्हणाल्या, "ठरलं." त्या कधी जास्त बोलत नसत. मी राहायला गेले तेव्हा पहिलं साल डुकरांनी खाऊन झालेलं होतं.

खरं तर या घरासमोर डुकरांची काय बिशाद? कारण या घरात बंदूक होती.

ती काकांच्या वडिलांची. ठासणीची, उभी केली तर माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी लांब, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. काकांचे वडील म्हणे खामगावकडच्या चार गावांत नाव असलेला माणूस. वडील गेले, परवाना वारसानं काकांच्या नावावर झाला, आणि सासुरवाडीत येताना काकांनी भांड्यांच्या आधी बंदूक आणली. सासऱ्याच्या गावात राहायला आलेल्या जावयाकडे लोक जरा तिरकेच पाहतात. खांद्यावर बंदूक असली की तसं पाहायला धजत नाहीत. ओसरीच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर ती आडवी टांगलेली असे आणि आलेला प्रत्येक माणूस आधी तिच्याकडे पाहून मग काकांना नमस्कार करी.

या बंदुकीमुळे घरात काही गोष्टी करायला बंदी होती. डोंगराकडचे सगळे लोक वावराच्या कडेनं जुनी लुगडी बांधतात, रंगीत कापड हललं की डुक्कर बुजतं. काकूंनी एकदा ट्रंकेतून चार जुनी लुगडी काढली. काका उठून उभेच राहिले.

"बंदुकीच्या घरानं लुगडे बांधायचे? लोक काय म्हणतीन?"

"लोक कणसं आणून देनार हायेत का?"

"बंदूक हाय ना वं! तू काऊन काळजी करते?"

लुगडी परत ट्रंकेत गेली. वावरातल्या मचाणावर बसून पत्र्याचा डबा वाजवायचा म्हटलं तरी हेच उत्तर. डबा वाजवणं हे बिनबंदुकीच्या लोकांचं काम.

दुसऱ्या साली तर बंदूक ऐन वेळी घरीच नव्हती. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, आणि आपल्याकडे निवडणुकांना काही तोटा नाही. बाकीचे परवानेवाले कुरकुरत जात. हरभरा उभा आहे, मका उभा आहे, आणि सरकारला आत्ताच मतं पाहिजेत! काका मात्र धुतलेला सदरा घालून निघत. सोबत आपला वजनाचा काटा नेत. ठाण्यात बंदूक टेबलावर ठेवायच्या आधी ती हवालदारासमोर काट्याला अडकवत आणि वजन पावतीच्या मागं लिहून घेत. परत घेताना पुन्हा वजन. हवालदार म्हणाला, "काका, बंदूक काय इथं वाळते?" काका म्हणाले, "वाळत नाही हे तुम्ही पाह्यलं काय?" हवालदारानं आकड्यावर शिक्का मारला. जमा करून येताना ते फार मोकळे दिसत, वाटेत कधी नव्हे ती भजी खात. त्या वर्षीही मका डुकरांनीच खाल्ला, पण दोष आचारसंहितेवर गेला आणि काकांच्या शब्दाला कुठं धक्का लागला नाही.

तिसऱ्या साली मात्र एकही निवडणूक नव्हती. ग्रामपंचायतीचीसुद्धा नाही.

काकूंनी रब्बीला मका पेरला. हे शेवटचं साल, हे त्यांनी एकदाही तोंडानं म्हटलं नाही. फक्त पेरणीच्या आदल्या दिवशी बियाणं निवडायला बसल्या त्या दिवे लागेपर्यंत उठल्या नाहीत. काकांनाही साल शेवटचं आहे हे माहीत होतं. म्हणून त्यांनी टोप्यांची तुलना काढली.

टोपी म्हणजे काय ते सांगायला हवं. ठासणीच्या बंदुकीत बारूद पुढून, नळीच्या तोंडातून भरतात. मागं घोड्याखाली तांब्याची एवढीशी टोपी बसवतात, पेन्सिलीच्या टोकावर बसेल इतकी. घोडा पडला की टोपी फुटते, तिची ठिणगी आत जाते आणि बारूद पेटलं तर बंदूक वाजते. टोपी फसली की सगळंच फसलं. वर्षाला किती टोप्या घ्यायच्या ते परवान्यावर लिहिलेलं असतं. काकांच्या वाट्याला पन्नास-पन्नासाच्या तीन डब्या येत.

दिवाळीआधी ते खामगावला परवानाधारक दुकानात गेले आणि तीन डब्या घेऊन आले. एक लाल, एक निळी आणि एक पिवळ्या कागदात गुंडाळलेली, तिला डबीही नव्हती. तिन्ही सस्त्यातल्या. दुकानदाराकडे परदेशी, चकचकीत डबीतला भारी मालही होता. तो का नाही आणला, असं मी विचारलं.

काकांना माझी कीव आली. "मॅडम, महागाची काय परीक्षा घेता? ते चांगलंच राह्यते. परीक्षा सस्त्याची घ्या लागते. त्यातच माणसाची अक्कल दिसते."

दुसऱ्या दिवसापासून परीक्षा सुरू झाली. सकाळचा चहा झाला की काका ओसरीवर पाट टाकून बसत. बंदूक रिकामी आहे हे नळीत फुंकून मला दाखवत. नळीच्या तोंडासमोर दोऱ्याला कडुनिंबाचं एक पान टांगलेलं असे. मग टोपी बसवायची, घोडा ओढायचा, आणि फट्! पान हललं की नाही, किती हललं, टोपी नीट फुटली की नुसती चिरली, आवाज कोरडा की ओला, हे सगळं वहीत जाई. ओला आवाज म्हणजे काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्याखाली साक्षीदार म्हणून सही माझी असे. "तुम्ही सरकारी माणूस. तुमच्या सहीशिवाय याले किंमत नाही." ऑफिसात माझ्या सहीला कोणी विचारत नव्हतं. मी रोज करत होते.

पहिल्या आठवड्यात गल्लीतला कुत्रा सातच्या ठोक्याला शेपूट घालून नाल्याकडे पळे. दिवाळीपर्यंत त्यानं मान उचलणंही सोडलं.

मग काकांना वाटलं, नुसत्या कोरड्या टोपीची परीक्षा खरी नाही. वावरात दव पडतं, ऊन पडतं. म्हणून काही टोप्या पाण्याच्या माठाखाली गेल्या, काही पत्र्याच्या छपरावर आणि काही फ्रिजमध्ये, दह्याच्या वाटीशेजारी. काकूंनी कढीसाठी दही काढताना एक टोपी वाटीतून चिमटीत धरून बाहेर काढली आणि शांतपणे विचारलं, "याची बी सही घेतली काय ताईची?" मी तेव्हा एवढी हसले की मला ठसका लागला.

बातमी पसरली. डोंगराकडचे परवानेवाले म्हातारे सोनाळ्याच्या बाजाराला आले की वाकडी वाट करून ओसरीवर येत, चहा घेत आणि विचारत, "लागला काय निकाल?" काका डोळे मिटून मान हलवत. "अजून नाही. घाई केली की निकाल खोटा येते." म्हातारे आदरानं उठून जात. त्यातला एक जण कंटाळून म्हणाला, "मी तं दरसाली लालच घेतो बे बाप्पा, तीन डुकरं पाडले त्यावर." काकांनी वही मिटली आणि तो जाईपर्यंत उघडली नाही. अनुभवाला ते पुरावा मानत नसत.

पिवळ्या कागदातल्या टोप्या ढिल्या निघाल्या, त्या बाद झाल्या. लालमध्ये अधूनमधून एखादी फसे. निळी मात्र एक नाही फसली. वीस झाल्या, तीस झाल्या, चाळीस झाल्या. तोवर मक्याला तुरे आले होते. काकू ओसरीच्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या,

"निळी चांगली हाय हे समजलं ना आता? उरलेल्या धा राहू द्या मक्यासाठी."

"असं कसं? चाळीस फुटल्या म्हणून एकेचाळिसावी फुटन हे तुले कोणी सांगतलं? ऐन वखताले तीच फसली तं?"

"मंग काय कराचं?"

"खात्री कराची."

पुढचे दहा दिवस खात्री चालली. पन्नासावी टोपी फुटली, पान गिरकी घेऊन दोऱ्यावरून तुटून पडलं आणि काकांनी दोन्ही हात वर केले. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी कधी पाहिला नव्हता. "पन्नासपैकी पन्नास! मॅडम, करा सही. आता या डबीवर डोये मिटून भरवसा ठेवा."

काकूंनी डबी हातात घेतली, तळव्यावर उलटी केली, दोनदा ठोकली. काही पडलं नाही. मग त्या डबी घेऊन आत गेल्या आणि तिच्यात लवंगा भरून ठेवल्या.

मी हा किस्सा ऑफिसात सांगितला, तालुक्याच्या बैठकीत सांगितला, रात्री फोनवर आईला सांगितला. सगळे पोट धरून हसले. आई नाही हसली. पिंपळगावला आमचंही वावर आहे, ती रोज त्यात राबते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् मका?" मी म्हटलं, "उभा आहे की." आणि विषय बदलला.

जानेवारी सरता सरता कणसं भरली. एका संध्याकाळी मी काकूंबरोबर वावरात होते. काका मचाणावर बसलेले, मांडीवर बंदूक, खिशात उरलेल्या लाल टोप्या. दिवस डोंगराआड गेला आणि नाल्याच्या अंगानं कळप आला. पुढं एक मोठी मादी, मागं आठ-दहा, सगळ्यांत शेवटी एक दांडगा नर. डुकरं घाईत नव्हतीच. ओळीनं मक्यात शिरली आणि कडाकड धाटं मोडायला लागली. काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, "अवो, वाजवा!"

काकांनी बंदूक खांद्याला लावली. मी दोन्ही कानांवर हात ठेवले. फट्! तोच ओसरीवरचा आवाज. डुकरांनी माना वर केल्या, थोडं ऐकलं आणि पुन्हा खायला लागली. काकांनी दुसरी टोपी बसवली. फट्! तिसरी. फट्!

"लाल डबी!" काका मचाणावरून ओरडले. "मी पह्यलेच म्हणलं होतं, लाल डबीचा भरवसा नाही!"

काकू विहिरीवरची बादली उचलून, दगडानं बडवत, ओरडत मक्यात घुसल्या. मीही मागं धावले. कळप बांधावरून पलीकडे गेला आणि आम्ही दमून उभ्या राहिलो तसा नाल्याला वळसा घालून दुसऱ्या टोकानं आत आला. एवढ्या मोठ्या वावरात बादली एक आणि बाया दोन. उजाडलं तेव्हा अर्ध्याहून जास्त मका आडवा झाला होता. काकू मोडलेल्या धाटांतून हिंडून बरी कणसं वेचत होत्या. ओटी भरली की बांधावर रिकामी करत. त्या रडल्या नाहीत. मला मात्र तिथं उभं राहवेना.

पुढचे चार दिवस काका गावभर लाल डबीची बदनामी करत फिरले. दुकानदाराला लिहायचा तक्रारअर्ज त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. "सदर टोपीची ठिणगी बारुदापर्यंत न पोचल्यामुळे पिकाचे नुकसान" असं सरकारी वळणाचं वाक्यही मीच सुचवलं आणि काकांना ते फार आवडलं.

पाचव्या दिवशी काकूंचा भाऊ आला. सोबत स्टँपपेपर, त्यावर मजकूर टाइप करून आणलेला. ओसरीवर बसला, बंदुकीकडे पाहिलं, गालात हसला.

"अक्का, तीन सालं झाली. शब्द तुह्याच तोंडचा हाय. पाहुणे साक्ष हायेत."

काकूंनी कागद घेतला. काकांनी घसा खाकरला आणि वही उघडली.

"हे पाहा, यात आमची चूक नाही. निळी डबी असती तं..."

"थांबा," काकू म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याला बोलता बोलता थांबवल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. "फट् वाजलं ते मी माह्या कानानं ऐकलं. तीनदा वाजलं. टोपी तं फुटली. मले एकच सांगा. नळीत बारूद होतं का?"

काकांनी वहीचं एक पान उलटलं. मग दुसरं.

"अवो, होतं का?"

"नव्हतं."

"त्या दिवशी भरायचं राह्यलं?"

काकांनी वही मिटली. मग खाली पाहूनच बोलायला लागले. "कधीच नव्हतं. बाप गेल्यापासून त्या नळीत बारूद गेलंच नाही. मी सहा वर्षाचा असन. बापानं मले जवळ उभं केलं आन् बंदूक वाजवली. मी चड्डीत मुतलो, चार माणसायसमोर. तवापासून मले भेव वाटते. बारुदाची पुडीबी मी हातात घेतली नाही. इथं सासुरवाडीत येऊन राह्यलो, हे कोणाले सांगू?"

भाऊ मोठ्यानं हसला. मांडीवर थाप मारून हसला. मला त्या हसण्याचा संताप आला आणि त्याच क्षणी लाजही वाटली, कारण दिवाळीपासून मी तेच हसत होते.

काकू माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्ही शेतीखात्यातल्या. डुकरावर दुसरा काही इलाज होता का?"

"होता."

"कोणता?"

"करडई. वावराच्या कडेनं चार-पाच ओळी करडईच्या पेरायच्या. काटे टोचतात म्हणून डुक्कर आत येत नाही. आमच्या खात्याची पत्रकं आहेत त्यावर. माझ्या खाटेखाली गठ्ठा पडलाय."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

तुम्ही विचारलं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण नुकतंच एका म्हाताऱ्या माणसानं चारचौघांत खरं सांगितलं होतं. त्याच्यासमोर मला ते जमेना. "मला मजा वाटत होती, काकू. रोज सकाळची. ती बंद पडू नये असं वाटत होतं."

काकू माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, जणू हे त्यांना बऱ्याच दिवसांपासून ठाऊक होतं. मग स्टँपपेपरची नीट घडी घातली आणि भावापुढं धरली.

"हे घेऊन जाय, भाऊ."

"अक्का! शब्द देल्ला होता तू!"

"देल्ला होता. तीन सालं मी वावर राखून पाहीन, असा देल्ला होता. मी राखलं कुठं? मले राखू देल्लं कोणी? ही तिन्ही सालं ह्यायच्या बंदुकीची गेली. माह्यं पह्यलं साल अजून लागलंच नाही."

भाऊ काकांकडे वळला. "भाऊजी, तुम्ही सांगा. तुम्ही तं न्यायाचे माणूस. हे बरोबर हाय काय?"

एरवी काकांनी या प्रश्नाला आठवडा लावला असता. दोन बाजू मांडल्या असत्या, तिसरी शोधून आणली असती, माझी सही घेतली असती. त्या दिवशी ते लगेच म्हणाले, "तिचं खरं हाय."

भाऊ चहा न घेता गेला. जाताना फाटक उघडंच टाकून गेला, ते काकांनी उठून लावलं.

काकूंनी मला विचारलं, "करडई कधी पेरतात?"

"ऑक्टोबरात."

"आठ महिने हायेत मंग. तुम्ही असान ना तवा इथं?"

असेन म्हटलं. माझ्या गावाजवळ बदली मिळावी असा अर्ज तेव्हा बुलढाण्याला साहेबांच्या टेबलावर पडून होता, हे मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तो परत घ्यायला पहिल्या एसटीनं निघाले. काका स्टँडपर्यंत सोबत आले. वाटेत दोन पोरं त्यांना पाहून तोंडानं "फट्" करून पळाली. गोष्ट एका रात्रीत गावात पोचली होती. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा घराबाहेर पडणार नाही. काकांनी पोरांकडे पाहिलंसुद्धा नाही. एसटी लागली, मी चढले, खिडकीशी बसले. ते खिडकीखाली आले, आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाले,

"मॅडम, खरं सांगू? लय हलकं वाटून राह्यलं."